भूतकेसचं दुसरं पांढरं पान

अक्का, आज सकाळी दुकान उघडून गल्ल्यापुढे अगरबत्ती लावतोय तोवर ईरण्णाचा फोन आला. धारवाडच्या सुभाष रोडच्या मागच्या बोळातला तुझा छापखानेवाला ईरण्णा. म्हणाला, "अण्णा, सगळी पानं लागली. त्या भूतकेसच्या झुडपाच्या चित्राचं तेवढं सांगा. आहे तेच छापू ना?" आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "थांब, अक्काला विचारून सांगतो."

मग तोच म्हणाला, "असू दे अण्णा, आठ दिवसांनी करतो." फोन ठेवला आणि मी खिळ्यांच्या पोत्यावर बसून राहिलो. बावीस दिवस झाले तुला जाऊन. दहावा झाला, तेरावा झाला, यंदा घरात गणपती बसला नाही, तुझं धारवाडचं भाड्याचं घर रिकामं करून किल्ली मालकाला देऊन आलो. एवढं सगळं हातानं केलं आणि तरी तोंड म्हणतंय, अक्काला विचारून सांगतो. दमलोय ग मी. नुसतं बसून दमायला होतं हे या वयात कळतंय.

तुला ठाऊक नाही ते आधी सांगून टाकतो. ते चित्र मी तुझ्या पाठीमागं ईरण्णाला देऊन आलो होतो. तू दवाखान्यात होतीस तेव्हा. तू नको म्हटलेलं, कोपऱ्यात तुझी पेन्सिलीची खूण नसलेलं, मी रागानं शाईत काढलेलं. तुझ्या पुस्तकातल्या चाळीस-बेचाळीस चित्रांतलं तुझ्या खुणेशिवाय एकही शाईत गेलं नाही, आणि हे एक गेलं. आता तू नाहीस म्हटल्यावर ते छापलं जाणार. म्हणजे भांडणात मी जिंकलो. असलं जिंकणं मला नको होतं, पण मागितलं मीच होतं.

भांडण कशावरून, तर फुलाखालच्या एका पांढऱ्या पानावरून. तुझ्या भावजयीला, शालनला, अजून पटत नाही. ती म्हणते, "दोन म्हातारी माणसं एका पानापायी वर्षभर तोंड फुगवून बसतात का?" मी तिला सांगत बसत नाही. ते आपल्या दोघांचंच होतं.

खरं तर चित्रं काढायला मला तूच बसवलंस. अप्पांनी मला दहावीनंतर हुबळीत दुर्गदबैलच्या दुकानात बसवलं तेव्हा माझ्या चित्रांच्या वह्या माळ्यावर गेल्या, त्या गेल्याच. तू शिकलीस, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागलीस, मी बिजागऱ्या आणि कडी-कोयंडे विकत राहिलो. तक्रार नव्हती माझी. पोट भरत होतं. मग तू रिटायर झालीस आणि एका रविवारी माझ्यापुढे जास्वंदीची फांदी ठेवलीस आणि म्हणालीस, "काढ." मी म्हटलं, "अक्का, चाळीस वर्षांत गिऱ्हाईकाला बोल्टाची आकृती काढून दाखवण्यापलीकडं पेन्सिल धरली नाही मी." तू म्हणालीस, "मग बोल्टासारखीच काढ. कुठं काय बसलंय, कशात काय अडकलंय, तेवढं दाखव. शोभा नको मला."

त्या एका वाक्यावर माझी नंतरची सहा वर्षं गेली, आणि चांगली गेली. दर रविवारी दुकान बंद, सकाळच्या बसनं धारवाड, तुझ्या खिडकीखालचं टेबल. तू डहाळी द्यायचीस, मी काढायचो, तू भिंग घेऊन वाकायचीस. "पानं समोरासमोर आहेत, तू एक वर एक खाली काढलंयस." "ह्या दोन पानांच्या मधला खवला कुठाय?" मी म्हणायचो, खवला कुठला, दिसतच नाही. तू नखानं दाखवायचीस, तिळाएवढा, टोकाला दुभंगलेला. "कॉफीच्या घराण्याची खूण आहे ती. तेवढी विसरलास तर झाड कुठल्या घरचं ते कळायचं नाही." मग मी खोडायचो, पुन्हा काढायचो, पुन्हा तू वाकायचीस. शेवटी कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बारीक खूण. ती खूण झाली की तू चुरमुऱ्यांचं गिरमिट कालवायला उठायचीस. माझ्या आयुष्यात मला कुणी बरोबर म्हटलेलं तेवढंच. दुकानात माल बरोबर असतो, मी नाही.

विद्यार्थ्यांसाठी पुस्तक करत होतीस तू, आवारात आणि रानात दिसणाऱ्या झुडपांचं, कानडीत. प्रत्येक झुडपाचं एक पान मजकूर आणि एक पान चित्र. मजकूर तू, चित्र मी. तगर झाली, कण्हेर झाली, घाणेरी झाली, आणि मागच्या वर्षी नवरात्राच्या सुमारास भूतकेसची पाळी आली.

बागेतला गुलाबी मुसांडा मला माहीत होता. तुझ्या दारातच होता कुंडीत. त्या कळीखालची पाचही हिरवी पानं मोठी होऊन रंगतात, झाड सगळं गुलाबी दिसतं, आणि बी म्हणून धरत नाही. फांदी लावली तर दहातली एखादी जगते, म्हणून तू गुटी बांधायचीस, साल सोलून, ओलं शेवाळ गुंडाळून. रानातली भूतकेस त्याचीच बहीण. पण तिचं काम काटकसरीचं. कळीखालच्या पाचातलं एकच पान वाढतं, तळहाताएवढं होतं, पांढरंफटक. बाकीची चार जिथल्या तिथं, दोऱ्यासारखी. तेही घोसातल्या सगळ्या फुलांना नाही, चारदोन फुलांनाच. खरं फूल म्हणजे मधली इवलीशी नारिंगी चांदणी आणि तिच्याखालची लांब नळी. मी म्हटलं होतं, "लोक त्या पांढऱ्यालाच फूल समजत असणार." तू म्हणालीस, "फुलपाखरंसुद्धा समजतात. म्हणून तर चाललंय तिचं."

तुझी जुनी विद्यार्थिनी महादेवी अळणावरला शाळेत शिकवते, तिनं डहाळी पाठवली ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. तू त्या रविवारी कुणाच्या तरी लग्नाला जाणार होतीस, म्हणून डहाळी माझ्याकडं दिलीस. मी ती दुकानाच्या माळ्यावर पाण्याच्या ग्लासात ठेवली आणि दोन दुपारी बसून काढली. आणि मला दिसलं की एका फुलाला दोन पांढरी पानं आहेत. एक डावीकडं, एक उजवीकडं, मध्ये चांदणी. किती आनंद झाला होता म्हणून सांगू. वाटलं, अक्काला न दिसलेलं काहीतरी मला दिसलं.

पुढच्या रविवारी तू चित्र हातात घेतलंस, भिंगसुद्धा लावलं नाहीस. "दोन?"

"दोन."

"एका फुलाला एकच असतं."

"ह्या फुलाला दोन होती. मी बघून काढलंय."

"डहाळी कुठाय?"

"शालननं झाडून टाकली. सुकली होती."

तू चष्मा काढून टेबलावर ठेवलास. "खाली देठ बघितलास का?"

तिथंच माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बागेतल्याला पाचही रंगतात, मग रानातल्याला एखादवेळी दोन का नाही? तू म्हणालीस, बघायला लागेल. मी म्हटलं, मी बघितलंय की. तू पुन्हा तेच, "देठ बघितलास का?" मग मी नको ते बोललो. म्हटलं, "अक्का, तुला झाड नकोच आहे. तुला पुस्तकातलं झाड हवंय. आणि मी काही तुझा विद्यार्थी नाही." तू शांतपणे म्हणालीस, "नाहीस. असतास तर बघितला असतास."

मी चित्र उचललं आणि बस धरली. त्या दिवशी गिरमिट झालं नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नसताना बसून मी ते चित्र शाईत काढून टाकलं, पक्कं, खोडता येऊ नये म्हणून.

तू मात्र माझ्यासारखी नव्हतीस. आठ दिवसांत तुझाच फोन. चित्राचं नाव नाही, नुसतं, "अळणावरला जाऊन येऊ की एकदा. सकाळच्या गाडीनं जाऊ, महादेवी जेवण करीन म्हणतेय. तिच्या शाळेमागं पुष्कळ आहे म्हणे." मी म्हटलं, दिवाळी तोंडावर आहे, रंगाचा माल यायचाय, दुकान सोडता येत नाही. दिवाळीनंतर पुन्हा म्हणालीस. मी म्हटलं, आता लग्नसराई. तू म्हणालीस, "बहर जाईल रे." मी म्हटलं, पुढच्या वर्षी येईल की. काय जातंय बोलायला.

संक्रांतीनंतर तुझा खोकला सुरू झाला आणि मग पुढचं वर्ष असं काही राहिलंच नाही.

दवाखान्यातले ते महिने मला सलग आठवत नाहीत. डबा, रिपोर्ट, लिफ्टसमोरची रांग, परत डबा. हुबळीहून जाताना रोज ठरवायचो, आज बोलायचं. म्हणायचं, अक्का, चल, तू म्हणतेस तर एकच काढतो. पण तू उशीवर मान टाकून पडलेली, हाताला नळ्या, आणि मी खुर्चीवर बसून विचारणार काय, तर, "भात खाल्लास का?" तू म्हणणार, "दोन घास." एवढ्यावर आपलं बोलणं संपायचं. सहा वर्षं रविवारचे रविवार तासन् तास बोलणारी आपण माणसं. एकदा मात्र तू विचारलंस, "अळणावरकडं पाऊस झाला का रे?" मला कळलं होतं तू काय विचारतेयस. पाऊस झाला म्हणजे भूतकेस फुलायला लागली. मी म्हटलं, "असेल झाला," आणि नर्सला सलाईन बघायला सांगायला बाहेर गेलो. सलाईन चांगलं चाललं होतं.

त्याच दिवशी परत येताना सुभाष रोडला उतरलो आणि ते चित्र ईरण्णाच्या हातात दिलं. का दिलं, विचारू नकोस. मला वाटतं, तू बरी होऊन यावीस आणि छापखान्यात जाऊन माझ्यावर कडाडून तुटून पडावीस, एवढ्यासाठीच दिलं. तू भांडशील तर तू आहेस, असला काहीतरी पोरकट हिशेब. ईरण्णानं विचारलं, "मॅडमची खूण?" मी म्हटलं, "तिनं बघितलंय." बघितलं होतंस हे खरं होतं.

तर आज ईरण्णाचा फोन झाल्यावर दुपारपर्यंत मला काही सुचेना. एका गिऱ्हाईकाला तीन इंचीच्या जागी चार इंची बिजागरी दिली, तो शिव्या घालून गेला. शालन डबा घेऊन आली, माझ्याकडं बघून म्हणाली, "उद्या दुकान उघडू नका. जाऊन या जिथं जायचंय तिथं." तिला कुणी सांगितलं कुणास ठाऊक.

हे इथवर लिहिलेलं परवाचं. त्यानंतरचं आता लिहितोय.

काल सकाळच्या गाडीनं अळणावरला गेलो. एकटाच. गाडीत खिडकीची जागा मिळाली, समोरचं बाक रिकामं होतं, त्यावर मी पिशवी ठेवली आणि कुणी विचारलं तर येणारायत म्हणून सांगितलं. धारवाड सोडल्यावर भाताची खाचरं लागतात, मग रान दाट होत जातं, आणि रुळाच्या कडेला हिरव्या गचपणात मधूनच पांढरं काहीतरी चमकतं. मी इतक्या वेळा त्या मार्गानं माल बघायला गेलोय, मला वाटायचं रानात कागद उडून अडकलेत.

महादेवी स्टेशनवर आली होती. तिनं आधी माझ्या पायाला हात लावला आणि मग रडली. म्हणाली, "मॅडम दर वर्षी विचारायच्या, बहर आला का. यंदा मी फोन केला नाही, सर. दवाखान्यात कसं सांगायचं, फुललंय म्हणून." मी म्हटलं, आता दाखव. शाळेच्या मागं कुंपणाला लागून झुडपंच झुडपं. पुरुषभर उंच, काही दुसऱ्या झाडांवर रेललेली, आणि सगळीकडं ती पांढरी पानं खाली मान घालून लोंबलेली. मी घोस हातात धरून एकेक फूल बघायला लागलो. एकच पान. दुसरं, एकच. तिसऱ्याला एकही नाही. तासभर तसं बघत गेलो. कमरेत उसण भरली. महादेवीनं शाळेतली खुर्ची आणून दिली, ती चिखलात रुतली.

आणि मग सापडलं. एक चांदणी, आणि तिच्या डाव्या-उजव्या हाताला दोन पांढरी पानं. हुबेहूब माझं चित्र. मी महादेवीला हाक मारणार, इतक्यात तुझं आठवलं आणि घोस उलटा करून खालून बघितलं.

डावं पान त्या चांदणीचंच होतं. उजवं पान शेजारच्या फुलाचं होतं, ज्याची चांदणी गळून पडली होती. फूल गेलं होतं आणि पान तेवढं राहिलं होतं. ह्या फुलांना देठ असा जवळजवळ नसतोच, एकाला एक खेटून बसलेली, त्यामुळं वरून बघणाऱ्याला ते पान ह्याचंच वाटतं. खालून बघितलं की दोन वेगळे देठ, तांदळाच्या दाण्याएवढे, स्वच्छ दिसतात. बोल्ट कशात अडकलाय ते न बघता मी वरून नुसतं डोकं काढलं होतं. चाळीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या माणसानं.

अक्का, तुझं बरोबर होतं. हे वाक्य मला गेल्या नवरात्रात बोलायला हवं होतं, फार तर दिवाळीत. दवाखान्यात बोललो असतो तरी चाललं असतं. तिथं त्या चिखलात उभा राहून मी ते मोठ्यानं बोललो, महादेवीला वाटलं तिलाच म्हणतोय. तीही बिचारी म्हणाली, "हौद्री, खरंय, मॅडम बरोबरच असायच्या." मग मला रडू आवरलं नाही. तुला उचलून नेलं तेव्हासुद्धा मी रडलो नव्हतो, सगळे म्हणाले, धीराचा आहे. धीराचा कसला, मी रागात होतो. तू भांडण अर्धं टाकून गेलीस म्हणून रागात होतो.

आणि एक कळलं. तुला उत्तर माहीत होतं. चित्र हातात घेतल्याघेतल्याच कळलं असणार तुला. दोन शब्दांत सांगून टाकलं असतंस तर विषय मिटला असता. पण तू सांगितलं नाहीस, देठ बघितलास का एवढंच विचारत राहिलीस, गाडीनं जाऊ म्हणत राहिलीस. मी तुझा विद्यार्थी नाही म्हणालो आणि तू मला विद्यार्थ्यासारखंच वागवत राहिलीस. आणि मी मात्र रंगाचा माल यायचाय म्हणत राहिलो.

महादेवीच्या घरी जेवलो, तिथंच ओसरीवर बसून पेन्सिलीनं चित्र काढलं. एक फूल, एक पांढरं पान. शेजारी गळलेल्या फुलाचं वेगळं पान, त्याचा वेगळा देठ, भिंगातून दिसतो तसा मोठा करून. पानांमधला दुभंगलेला खवलाही काढला. नळी उभी चिरून आतली लव दाखवली. झाल्यावर मी सवयीनं कागद पुढं सरकवला, आणि पुढं कुणी नव्हतं. कोपरा तसाच मोकळा ठेवला. खूण मी केली नाही, महादेवीलाही करू दिली नाही, ती विचारत होती. संध्याकाळी परत येताना धारवाडला उतरलो, ईरण्णाकडून जुनं चित्र मागून घेतलं आणि नवं दिलं. जुनं त्याच्यासमोरच फाडलं. त्यानं चहा मागवला.

चहा पिताना त्यानं कागदांचा एक गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. म्हणाला, "अण्णा, मजकूर एकदा कुणीतरी वाचायला पाहिजे. मॅडम वाचणार होत्या. आता तुम्हीच. सोबत त्यांची मूळ प्रत आहे, ताडून बघा."

मी तुला आणखी एक कबूल करतो, आता एवढं केलंयच तर. सहा वर्षांत तुझा मजकूर मी एकदाही वाचला नाही. डहाळीबरोबर तू दरवेळी टाइप केलेलं पान द्यायचीस. मी त्यावर शाईची दौत ठेवायचो. मला वाटायचं, शब्द तुझे, चित्र माझं, मला वाचून काय करायचंय. कानडी येत नाही अशातला भाग नाही, दुकानाचं सगळं कानडीतच चालतं. नाही वाचलं, बस.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर पहिल्यांदा भूतकेसचं पान काढलं. कानडीत लिहिलेलं, पण मला ते तुझ्या मराठीत ऐकू येत होतं, "रे" सकट. तू लिहिलंयस की एका फुलाला एकच पान मोठे आणि पांढरे होते. फूल गळल्यावरही ते काही दिवस तसेच राहते, त्यामुळे शेजारच्या फुलाचे पान ह्याचे समजण्याची चूक होते, म्हणून देठ पाहावा. छापलेल्या कागदावर एवढंच. पण तुझ्या मूळ प्रतीत त्या "चूक होते" शब्दांच्या वर तू निळ्या पेनानं बारीक अक्षरात काहीतरी घातलं होतंस, ते ईरण्णाच्या माणसाच्या नजरेतून सुटलं होतं. चष्मा वर करून, कागद दिव्याजवळ नेऊन वाचलं. "चांगली नजर असलेल्या माणसाकडूनही."

कधी लिहिलंस, अक्का? अक्षर जरा हललेलं आहे. दवाखान्यात लिहिलंस का? मी बाहेर सलाईनचं निमित्त काढून उभा होतो तेव्हा? मी तो शब्दांचा तुकडा लाल पेनानं जिथल्या तिथं घातला आणि समासात ईरण्णाला लिहिलं, हे सुटता कामा नये.

आता मी सगळं पुस्तक वाचतोय. पहाटे उठून निम्मं संपवलं. तगरीच्या फुलाच्या पाकळ्या एकाच दिशेला वळतात हे मला माहीत होतं, मीच काढल्यात त्या. पण तू लिहिलंयस की कळी उमलायच्या आधीच त्या पिळून बसलेल्या असतात, आणि कळी सोलून बघा, घाई न करता, असं विद्यार्थ्यांना सांगितलंयस. घाणेरीच्या एकाच गुच्छात पिवळी आणि लाल फुलं का असतात ते मला आज कळलं. एवढी वर्षं तू माझ्याशेजारी बसून हे सगळं लिहीत होतीस आणि मी कानाडोळा करून रेघा ओढत होतो. वाचताना चिडतोही मी तुझ्यावर. एके ठिकाणी तू माझ्या चित्राबद्दल नीट लिहिलं नाहीस, ते मी तुला सांगितलं असतं. तू ऐकलं नसतंस.

दुपारपर्यंत वाचत होतो, तेवढ्यात ईरण्णाचा फोन आला, वाचून कधी होईल म्हणून. मी म्हटलं, लागतील अजून काही दिवस, मोठं पुस्तक आहे. तो बरं म्हणाला. तीनच झुडपं उरलीत, अक्का. बसलो तर तासाभराचं काम आहे. पण ती वाचून झाली की तू मला सांगायचं राहिलेलं असं काही उरणार नाही. म्हणून मी गठ्ठा बांधून कपाटात ठेवला आणि दुकानात जाऊन बसलो.